जिन्यावरची वसुधा

"सोडू नका! सोडलंत तर बघा हं!"

प्रमिला सुकदेवशी बोलली ते पहिलं वाक्य हे. आता याला कुणी प्रेमाची सुरुवात म्हणेल का? पण झाली ती अशीच, त्याला मी तरी काय करणार!

चैत्रातला रविवार होता. सकाळची वेळ, पण ऊन एरंडोलचं, नऊ वाजताच टाळू तापवणारं. प्रमिला कुरडयांची पाटी कमरेवर घेऊन गच्चीवर आली आणि बघते तर काय… एक अनोळखी तरुण टीव्हीच्या अँटेनाच्या पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा! केस विस्कटलेले, एका पायात चप्पल, दुसरी कुठे गेली कोण जाणे. वारा असा सुटलेला की पाइप त्याच्यासकट गोल फिरायच्या बेतात होता.

"मी… मी वरच्या खोलीतला नवा भाडेकरू," तो म्हणाला. "काल संध्याकाळीच आलो. नाना खालून ओरडले, जरा धरा म्हणून. किती वेळ धरायचं असतं हो?"

"वसुधा संपेपर्यंत."

"वसुधा कोण?"

प्रमिलानं पाटी खाली ठेवली नि कपाळावर हात मारला. वसुधा कोण, असं विचारणारा माणूस या जगात अजून शिल्लक होता तर!

ते दिवस तसेच होते. रविवारी सकाळी हिंदी मालिका लागली की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. वसुधा म्हणजे त्या मालिकेतली नायिका. हवेलीतली मुलगी, शिकलेली, गावच्या शाळेत शिकवायची हौस, आणि घरात बापाचा नि आत्याचा जाच. गल्लीत टीव्ही पाच-सहा घरी आले होते, पण ते सगळे काळे-पांढरे. रंगीत एकट्या प्रमिलाच्या वडिलांकडे, रतिलाल नानांकडे. नानांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान, मागं घर, आणि वसुधाची साडी आज कोणत्या रंगाची हे बघायला अर्धी गल्ली नानांच्या पुढच्या खोलीत. फक्त एकच पंचाईत होती. पाइपाची पट्टी ढिली झाली होती. वारा आला की अँटेना फिरायचा आणि वसुधाच्या तोंडावर मुंग्या पळायच्या.

"माय वं! गयं नं चित्र!" खालून धुरपदाबाईंचा आवाज आला. "पोरगीनं तोंडच दिसत नही!"

धुरपदाबाई शेजारच्या, बोलणं अस्सल अहिराणी. त्यांना हिंदी निम्मंच कळायचं, पण रडायच्या पूर्ण.

प्रमिला धावत जिन्यात गेली. जिना अंगणातून वर चढायचा आणि मध्येच वळायचा. त्या वळणावर उभं राहिलं की खिडकीतून टीव्ही दिसायचा आणि मान वर केली की गच्चीवरचा पाइप. तिथून तिनं हाक दिली, "थोडं उजवीकडे… अजून… गेलं, गेलं! मागं घ्या… आलं!"

"आलं?"

"आलं! आता हलू नका. श्वाससुद्धा हळू घ्या."

"बरं," तो वरून म्हणाला, आणि खरंच तसा उभा राहिला. तिला हसू आलं. तिनं ते पदरात लपवलं, पण वरून दिसायचं ते दिसलंच.

सुकदेव पाटबंधारे खात्यात नोकरीला होता. गाव यावलकडचं, घरी केळीची बाग, वडील शालिग्राम आबा. माणूस शांत. नानांना भाडेकरू पसंत पडला. प्रमिलाची आई लताबाई तर म्हणाल्या, "प्रमे, त्यांना सुकदेवभाऊ म्हणत जा." प्रमिलानं मान हलवली, पण कधी भाऊ म्हटलं नाही. 'अहो वरचे' अशी हाक मारायची. त्यानंही कधी ताई म्हटलं नाही. घरात ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, हे एक नशीबच.

दुसऱ्या रविवारी मालिका संपल्यावर तो जिन्यात येऊन बसला. हात लाल झाले होते.

"मी तिकडे पाइप धरून बसतो, गल्लीला वसुधा दिसते. मला काय? निदान गोष्ट तरी सांगा."

आता झालं होतं असं, की त्या दिवशी वसुधानं आत्याच्या खोट्या दुखण्यापायी शाळेतली नोकरी सोडून दिली होती. मुकाट्यानं. डोळ्यांत पाणी आणि मागं सारंगी. प्रमिलाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तिचंही बी.ए. झालेलं. जळगावला जाऊन बी.एड. करायचं मनात होतं. नाना म्हणाले होते, "पुरे आता," आणि तीही त्या वसुधासारखीच गप्प बसली होती. मग राग कुणावर काढायचा?

"वसुधा ना?" ती म्हणाली. "वसुधानं बापाला सांगितलं… माझं म्हणणं एकदा बसून ऐका. मग काय ठरवायचं ते ठरवा."

"अरे वा! मग?"

"मग… मग बाप बसला. ऐकलं त्यानं. आणि दुसऱ्या दिवशी वसुधा शाळेत गेली. सायकलवरून."

"सायकल कुठून आली?"

"होती त्यांच्याकडे," प्रमिला घाईनं म्हणाली. "लाल. लेडीज."

सुकदेवनं गंभीरपणे मान डोलावली. "बाई चांगली आहे. मला वाटलं होतं रडकी असेल."

झालं! एकदा थाप मारली की तिला पुढची लागतेच. टीव्हीतली वसुधा घरी बसून दिव्याकडे बघायची, आणि प्रमिलाची वसुधा सायकल दामटत शाळेत जायची. टीव्हीतली आत्या खोकायची, प्रमिलाच्या गोष्टीतल्या आत्याला वैद्यानं गुळवेलीचा काढा दिला आणि ती दोन दिवसांत खडखडीत बरी झाली. दर रविवारी प्रमिला जिन्याच्या वळणावर बसून सांगायची, तो दोन पायऱ्या वर बसून ऐकायचा. अंतर दोन पायऱ्यांचं. ना कमी, ना जास्त.

पाइप काही नीट होईना. नाना दर आठवड्याला म्हणायचे, "तो पट्टीचा बोल्ट आवळायला पाहिजे," आणि दुकानात गेले की विसरायचे.

वसुधा फक्त रविवारची, पण बोलायला आठवड्याचे दिवस होतेच. सुकदेव वाचनालयातून कादंबऱ्या आणायचा. प्रमिला त्या दुपारी वाळवण राखता राखता संपवायची आणि त्याच्या दाराशी ठेवताना निकाल देऊन टाकायची.

"खुनी डॉक्टर आहे."

"अहो, मी अजून वाचली नाही!"

"मग वाचू नका. तिसऱ्या पानावरच कळतो. इतका गोड बोलणारा डॉक्टर कुठं असतो का?"

त्याच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता आणि गाणी सगळी विरहाची. टेप अडकली की तो पेन्सिलीनं गुंडाळत बसायचा.

"तुम्हाला हसरी गाणी आवडत नाहीत का हो?" तिनं एकदा विचारलं.

"हसरं गाणं दोनदा ऐकलं की जुनं होतं. रडकं पुरतं."

"काहीतरीच! केळीच्या बागेत वाढलेला माणूस, पाण्याची काय कमी होती, म्हणून वर आणखी रडायचं?"

तो इतक्या जोरात हसला की टेप पुन्हा अडकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवरून एक ठेक्याचं, नाचरं गाणं ऐकू आलं. प्रमिला खाली भाकरी थापत होती. परातीतला तिचा हात त्याच ठेक्यात पडायला लागला आणि लताबाई म्हणाल्या, "भाकरी आहे ती, ढोलकी नाही."

एकदा मात्र पंचाईत झाली. सुकदेव पाण्याचा तांब्या घ्यायला खाली आला, तेव्हा लताबाई सहज बोलून गेल्या, "वसुधानं नोकरी सोडली तेव्हापासून कसं तोंड उतरलंय हो बिचारीचं!"

"सोडली?" सुकदेवनं प्रमिलाकडे पाहिलं. चेहरा अगदी निरागस.

प्रमिलानं घाईनं मध्ये तोंड घातलं. "आईचं लक्ष नसतं," ती म्हणाली. "बघता बघता शेंगा फोडते ना… मध्ये मध्ये चुकतं तिचं."

"असेल, असेल," असं म्हणत तो तांब्या घेऊन वर गेला. त्याचे खांदे हलत होते. पण तिला वाटलं, जिना चढून दम लागला असेल.

आणि मग ज्येष्ठात धुळ्याचं स्थळ आलं.

माणसं चांगली होती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. मुलाचा पाइप-मोटारींचा धंदा, घर मोठं, वागणं नम्र. पोहे संपवून त्यानं विचारलं, "फावल्या वेळात काय करता?"

"वाचते. रेडिओ ऐकते. टीव्ही बघते."

"मी फक्त बातम्या बघतो," तो म्हणाला. "बाकी सगळं खोटं असतं. आणि पुस्तक एक वाचलं की दुसरं तसंच."

खोटं असतं म्हणूनच तर माणसं जीव टाकून बघतात, असं प्रमिलाच्या अगदी ओठावर आलं होतं. ओठावरच राहिलं. पाहुणे गेले, चार दिवसांनी होकार आला. येत्या रविवारी दुपारच्या गाडीनं सुपारी फोडायला येतो, असं त्यांनी कळवलं. नाना इतके खूश की त्यांनी तिला विचारलंच नाही. आणि ती? तीही बोलली नाही. आरशात बघितलं तर समोर टीव्हीतली वसुधा उभी.

शनिवारी संध्याकाळी ती गच्चीवर वाळवण काढायला गेली. सुकदेव खोलीत पुस्तकं बांधत होता.

"कुठं निघालात?"

"दुसरी खोली बघतो म्हणतो." त्यानं सुतळीची गाठ मारली, मग तीच गाठ पुन्हा सोडली. "उद्या घरात पाहुणे… आणि उद्याच वसुधा संपणार. शेवटी काय होतं तिचं?"

"मला काय माहीत? उद्या कळेल."

"टीव्हीतल्या वसुधाचं नाही विचारत. ती उद्या मुकाट्यानं डोलीत बसेल, ते दिसतंच आहे. मी तुमच्या वसुधाचं विचारतोय. सायकलवाल्या."

प्रमिलाच्या हातातून कुरडईचा तुकडा पडला.

"तुम्हाला… ठाऊक होतं?"

"अहो, गल्लीतले पाचही-सहाही टीव्ही मोठ्यानं लागलेले असतात. चित्र दिसत नाही, पण इथं उभं राहिलं की चारी बाजूंनी तीच मालिका ऐकू येते. एकही वाक्य चुकत नाही. पहिल्या दिवसापासून."

अगं बाई! हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. वर काही पोचत नाही, या भरवशावर तिनं आख्खी मालिका उलटीपालटी करून टाकली होती. कान गरम झाले. मग रागच आला.

"म्हणजे इतके दिवस माझी मजा बघत होतात?"

"मजा नाही हो," तो हळूच म्हणाला. "वाट बघत होतो. सोमवारपासून रविवारची. ती मालिका मला मुळीच आवडत नाही, प्रमिला. पण तुम्ही सांगता ती… ती मी जन्मभर ऐकेन."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. वारा पडला होता. शेजारच्या लिंबावर पोपटांचा कालवा चालला होता आणि प्रमिलाला वाटलं, आपलं काळीज त्याहून मोठ्यानं वाजतंय.

"मग नानांना का नाही विचारलंत?"

"कसं विचारू? त्यांनी विश्वासानं घरात घेतलं. गाव म्हणेल, भाडेकरूनं पोरगी गटवली. माझं जाऊ द्या, तुमचं नाव होईल. तरीसुद्धा… तुम्ही म्हणाल तर आत्ता खाली येतो. आत्ता."

तिनं पडलेला तुकडा उचलून पाटीत टाकला. मग म्हणाली, "नको. तुम्ही बोललात तर नानांना तुमचाच राग येईल. बोलायचं तर मीच बोलायला हवं."

"जमेल?"

"वसुधाला जमतं की!" असं म्हणून ती जिना उतरली.

रविवार उजाडला. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, पाहुण्यांसाठी खापरावरचे मांडे व्हायचे होते. तरी वसुधाचा शेवट चुकवतं कोण? पुढची खोली गच्च भरली. नाना खुर्चीवर, धुरपदाबाई अगदी टीव्हीला नाक लावून. सुकदेव वर पाइपापाशी, प्रमिला जिन्याच्या वळणावर. चित्र त्या दिवशी एकदासुद्धा गेलं नाही.

आणि झालं तेच. बापानं परगावचा मुलगा ठरवला. वसुधाच्या मनात शाळेतले मास्तर, सगळ्या हवेलीला ठाऊक, एका बापाला सोडून. ती काही बोलली नाही. डोलीत बसली, पडदा पडला, सारंगी वाजली, संपलं. खोलीत नाकं ओढल्याचा आवाज.

"एक शबद बोलती ते काय जातं तिनं?" धुरपदाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या.

नानांचेही डोळे ओले झाले होते. नाना तसे हळवे, फक्त दुकानात कुणाला दिसायचं नाही. "मूर्ख पोरगी," ते घसा खाकरून म्हणाले. "अरे, बाप म्हणजे काय वैरी असतो? एकदा येऊन बोलली असती, तर त्यानं ऐकलं नसतं का?"

प्रमिला वळणावरून उतरली आणि दारात येऊन उभी राहिली.

"ऐकलं असतं, नाना?"

"म्हणजे काय! ऐकावंच लागतं. बाप आहे तो."

"मग नाना," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "माझं म्हणणं एकदा बसून ऐका. मग काय ठरवायचं ते ठरवा."

लताबाई पुरणाचा हात तसाच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. प्रमिला बोलली. धुळ्याची माणसं चांगली आहेत, पण मला तिथं नाही जायचं. मला पुढं शिकायचंय. आणि… आणि वरचे. ते मला काही वेडंवाकडं बोललेले नाहीत, नाना. फक्त ऐकलं. मी बोलत गेले आणि त्यांनी ऐकलं.

नानांचा चेहरा लाल झाला. शब्द तर त्यांचेच होते, साऱ्या गल्लीसमोर आत्ताच उच्चारलेले, आता गिळायचे कसे? ते उठले आणि जिना चढायला लागले. प्रमिला मागोमाग वळणापर्यंत गेली. पुढं जायचं धाडस झालं नाही.

वर सुकदेव पाइप धरून उभा होता. खालचं सगळं त्याला ऐकू गेलं होतं. त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला.

"सोड तो पाइप," नाना गरजले.

त्यानं सोडला. पाइप हलला नाही. वारा तर सणाणत होता. नानांनी एका हातानं पाइप हलवून बघितला. मग दोन्ही हातांनी. पाइप जागचा ढळेना.

"हा तर घट्ट आहे!"

"हो, नाना."

"कधीपासून?"

"दुसऱ्या… दुसऱ्या रविवारपासून. बोल्ट मीच आवळला."

"मग दर रविवारी चित्र जायचं ते?"

सुकदेवनं मान खाली घातली. "मीच जरासा ढिला करून हलवायचो."

वळणावर प्रमिलानं तोंडावर हात दाबला. हा लबाड! आणि ती बिचारी गळा फाटेस्तोवर ओरडत होती, उजवीकडे, डावीकडे, आलं, गेलं!

"अरे गाढवा," नाना म्हणाले, "मालिकेतली ती बाग जळते तो आख्खा भाग मला दिसला नाही रे तुझ्यापायी! एका पोरीशी बोलायला मिळावं म्हणून तू साऱ्या गल्लीला आंधळं केलंस?" ते आणखीही बोलणार होते. पण मध्येच त्यांच्या मिशीचं टोक हललं. ते कठड्याशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. खाली प्रमिलाला फक्त नानांचा पांढरा सदरा दिसत होता, आणि त्याची पाठ रागानं हलतेय की हसण्यानं, ते काही कळेना.

"ऐक," शेवटी ते म्हणाले. "दुपारी येतील त्यांना जेवू घालून हात जोडून मी सांगतो. चूक माझी, पोरीला विचारलं नाही. तू आजच्या आज ही खोली सोडायची. भाडेकरूला मुलगी दिली असं कुणी म्हणता कामा नये. आणि पुढच्या रविवारी शालिग्राम आबांना घेऊन यायचं. रीतसर. समोरच्या दारानं."

"नाना…"

"आणि तिचं ते बी.एड.चं तुम्ही दोघं बघा. मला विचारू नका, मी हो म्हणून बसेन."

पुढच्या रविवारी आबा आले. पायात नवा जोडा, हातात बागेतल्या केळ्यांचा घड. बोलणी झाली, चहा झाला, आणि त्याच वेळी टीव्हीवर नवी मालिका सुरू झाली. सुकदेव पहिल्यांदाच पुढच्या खोलीत, खुर्चीवर, टीव्हीसमोर बसला होता. वर पाइपापाशी कुणी नव्हतं. बाहेर वारा धुमाकूळ घालत होता आणि चित्र कसं आरशासारखं.

"आज हाऊ अँटेना हालना कसा नही व?" धुरपदाबाईंनी विचारलं.

नानांना एकदम ठसका लागला.

सगळे पांगल्यावर सुकदेव अंगणात आला. प्रमिला सवयीनं जिन्याच्या वळणावर बसली होती. तो या खेपेला दोन पायऱ्या वर गेला नाही. एकच पायरी वर बसला.

"काय झालं आज मालिकेत?" त्यानं विचारलं.

"अहो, समोर बसून बघितलीत ना!"

"बघितली. काही दम नाही तिच्यात. तुम्ही सांगा."

प्रमिलानं पदर खोचला, घसा साफ केला, त्याच्याकडे एकदा डोळे भरून बघितलं आणि सांगायला लागली… "तर झालं असं…"